आईने काय पाहिलं

खामगावचं वर्णन मी पहिल्यांदा इंग्रजीत वाचलं तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती. पुण्याला एका चर्चासत्रासाठी गेलो होतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक पुस्तक हाती लागलं, सहज मधलं पान उघडलं, तर त्यात खामगावसाठी जलंबला गाडी बदलण्याचं वर्णन होतं. पुढे सरकीचा वास, जिनिंगचा भोंगा, फाटकाबाहेर लागलेली बैलगाड्यांची रांग. मी खामगावात वाढलो, तिथल्याच कॉलेजात इंग्रजी शिकवतो. आपल्या गावाबद्दल कुणी इंग्रजीत लिहून ठेवलंय आणि ते आपल्याला ठाऊक नाही, याची मला जरा लाजच वाटली. पुस्तक घेतलं आणि परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये वाचायला सुरुवात केली.

लेखिका मध्य युरोपातल्या एका शहरात जन्मलेल्या, ज्यू. वडील यंत्रांचे इंजिनियर. आईचं बायकांच्या टोप्यांचं दुकान होतं. नाझी आले, दुकानाची काच फुटली, बागेतल्या बाकांवर ज्यूंनी बसायचं नाही अशा पाट्या लागल्या. वडिलांनी मिळेल तिथे अर्ज पाठवले. उत्तर आलं ते खामगावच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमधून. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन नवरा-बायको बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने इकडे आले. जिनिंगच्या आवारातच त्यांना राहायला जागा मिळाली.

वर्षभरात युद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने वडिलांना उचलून छावणीत नेलं. शत्रूच्या देशाचा माणूस म्हणून. ज्या देशाने हाकललं, त्याच देशाचे म्हणून ते पकडले गेले. पुस्तकात यावर एक शब्दही जास्तीचा नाही. वडील सुटून येईपर्यंत मायलेकी गावात दोघीच होत्या, एवढंच त्यांनी लिहिलंय.

त्या दिवसांत ही मुलगी दुपारी जिनिंगच्या फाटकासमोरच्या घरी जाई. एका अडत्याचं घर. घरातली बाई ओट्यावरूनच हाक मारी, "ये वं माय, चाय पे." एवढं एक वाक्य पुस्तकात रोमन लिपीत जसंच्या तसं आहे. पुढचं मी सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. त्या घराच्या अंगणाकडच्या भिंतीत एक देवळी होती, म्हणजे दिवा ठेवण्यापुरता कोनाडा. त्या देवळीत दोन कप असत. एक जिनिंगमध्ये सरकी वेचणाऱ्या एका बाईचा, दुसरा या मुलीचा. त्या कपांत आणखी कुणी चहा पीत नसे. चहा झाला की मुलगी आपला कप अंगणात स्वतः धुई आणि परत देवळीत ठेवी. लेखिकेने लिहिलंय, सगळीकडून आम्हाला घालवून दिलं होतं, आणि इथे परक्या गावातल्या एका घराने माझ्या नावाचा कप राखून ठेवला होता. तो धुऊन जागेवर ठेवण्याइतका माझ्यावर विश्वास टाकला होता.

जिनिंगच्या फाटकासमोर अडत्याचं घर एकच होतं. ते माझ्या आजोबांचं. ओट्यावरून हाक मारणारी माझी आजी.

त्या देवळीतल्या कपांचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या घरात शिवाशिव कडक होती. ज्यांचं उष्टं घरातल्या भांड्याला लागायला नको, त्यांचे कप बाहेर. ज्याचा त्याने धुवायचा. गोरी मुलगी झाली तरी ती गाय-बैल खाणाऱ्यांतली, असा आजीचा हिशेब असणार. आजी तिच्याशी प्रेमाने वागली असेल यात मला शंका नाही. तिचा कप बाहेर होता, यातही नाही. मी स्वतः त्या देवळीतल्या कपांत चहा ओतलेला आहे, शाळेत होतो तेव्हा. वरून, किटली कपाला लागू न देता. तसं ओतायला कुणी शिकवलं ते आठवत नाही.

पुस्तकात पुढे असं आहे. एक दिवस मुलीची आई तिला शोधत तिथे आली. मुलगी कप धूत होती. शेजारी ती सरकीवाली बाई आपल्या कपातून चहा पीत उकिडवी बसलेली. आई दारात बराच वेळ उभी राहिली. मग आत येऊन तिने मुलीचा हात धरला आणि तिला ओढत घरी नेलं. त्या घरात पाणीही प्यायचं नाही, असं बजावलं. कारण सांगितलं नाही. लेखिकेने कारण आपल्या मनाने लावलं: टोप्यांच्या दुकानाच्या मालकिणीला पोटच्या पोरीने मोलकरणीसारखं भांडं घासलेलं बघवलं नाही. आईच्या अंगातला हा ताठा देश सुटला तरी सुटला नाही. पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग या ताठ्याचा पाठलाग करतो. त्यातल्या आईएवढी कोरडी आई मी फार थोड्या पुस्तकांत वाचली आहे.

ट्रॅव्हल्समध्ये ते पान वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की आईने काय पाहिलं. बागेतले बाक जिने पाहिले होते, तिला अंगणातले दोन कप बघून आणखी काही विचारावं लागलं नसणार.

तरी मी लेखिकेला जे पहिलं पत्र पाठवलं, त्यात यातलं काहीच नव्हतं. मी तुमच्या त्या अडत्याचा नातू, तुमचं पुस्तक मराठीत आणायची इच्छा आहे, असं मोठ्या अभिमानाने लिहिलं. त्या नव्वदीच्या पुढे गेलेल्या, दृष्टी गेलेली. इंग्लंडमध्ये एकट्या राहतात, काळजी घ्यायला एक बाई येते. तिने त्यांचं उत्तर टाइप करून पाठवलं. त्यांना इतका आनंद झाला होता की मला ते पत्र दुसऱ्यांदा वाचवलं नाही. अट एकच. प्रत्येक प्रकरण त्यांना फोनवर मराठीत वाचून दाखवायचं आणि मग मराठीत काय आलंय ते इंग्रजीत सांगायचं. सगळं ऐकून झालं की परवानगीच्या कागदावर सही.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी वाचत गेलो. त्या मध्येच थांबवून एखादा शब्द पुन्हा म्हणायला लावत. एकदा विचारलं, तुमच्या घराची ती भिंत अजून आहे का? भिंत नव्हती. तिथे आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तसं सांगितलं. भिंतीबद्दल बोलायची ही चांगली संधी होती, ती मी जाऊ दिली. या वयात त्यांचं मन कशाला दुखवायचं, असं मी स्वतःला सांगत असे. ते खोटं नव्हतं. पण सही राहिली तर, आणि आपलं घर उघडं पडलं तर, हेही होतंच. कुठलं कारण किती, ते मी कधी तपासलं नाही.

या सगळ्यात दोन वर्षं गेली आणि देवळीचं प्रकरण आलं. अनुवाद करून मी तो नेहमीप्रमाणे माझ्या मित्राला वाचायला दिला. तो आमच्याच कॉलेजात मराठी शिकवतो. अमडापूरचा, बौद्ध कुटुंबातला. वर्गात पुस्तकी बोलतो आणि माझ्याशी घरचं. स्टाफरूममध्ये डबा खाता खाता त्याने कागद चाळले आणि एका ठिकाणी थांबला.

"सर, हे फळी कुठून आली?"

"कुठली फळी?"

"कप सैपाकघरातल्या फळीवर ठेवत, असं लिवलं तू. म्हंजे पोरगी कप अंगणात धुये आन् तुह्या आजीच्या सैपाकघरात नेऊन ठेवे? चपला घालून का काढून?"

मी भाजीकडे बघत राहिलो.

"मूळ पुस्तक दे बरं."

दिलं. त्याने ओळीवर बोट ठेवून ते पान वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसला की पलीकडच्या टेबलावरच्या मॅडम वळून बघायला लागल्या.

"अबे, देवळी आहे हे! बाईनं तं सरळ लिवलं, बाहीरच्या भिंतीत म्हणून. आन् तू ते कप उचलले आन् घरात नेऊन ठेवले. वा रे वा! तुह्या आजीनं जे जन्मात केलं नाही ते तू खुर्चीवर बसल्या बसल्या करून टाकलं."

"वाचकाला उगाच..."

"वाचकाले काऊन मधात आणतं? मले एक सांग, ह्या बुढीले अजूनही तो मानच वाटते?"

"हो."

"कमाल आहे. एवढी पुस्तकं लिवली, आन् तिले कोणीच सांगितलं नाही?"

"इंग्रजी वाचणाऱ्याला काय कळणार?"

"हाव, तेही खरंच. इकडे तं पान उलटायच्या आधी कळन. तुमच्याही लोकायले आन् आमच्याही. एकटी तेच राहीन न समजलेली." त्याने डब्याचं झाकण लावलं. हसू गेलं होतं. "आन् तिची माय? पुस्तकभर पोरीच्या शिव्या खाऊन राह्यली. तिले तं बिचारीले दारातच समजलं."

"तुझी आजीपण जिनिंगमध्ये होती ना? ती दुसरी बाई म्हणजे..."

"झालं सुरू. गोष्ट गोल करू नको बे. जिनिंगमधे आमच्या ढीगभर बाया होत्या. पुस्तकातली हरेक बाई माही आजी नसते."

"मग मी काय करू?"

"मले काऊन विचारतं? तुह्या आजीनं मले विचारून ठेवले होते का कप?"

फळी मी त्याच दिवशी काढली. कप परत देवळीत ठेवले.

रविवारी फोन लागल्यावर मी वाचायच्या आधीच सांगितलं की या प्रकरणाबद्दल मला काही बोलायचंय. ते कप बाहेर का होते, ते सांगितलं. इंग्रजीत या गोष्टीला चार वाक्यं पुरतात. पलीकडे भांडी विसळल्याचा आवाज येत होता, काळजी घेणारी बाई असावी.

"दुसरा कप जिचा होता, ती बाई कोण होती?" त्यांनी विचारलं.

"ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांच्यातली."

"आणि माझा तिच्या शेजारी."

"हो."

"घरातल्या माणसांचे?"

"आत."

"मी तो स्वतः धुवायचे."

"घरातलं कुणी त्याला हात लावत नसे, म्हणून."

"प्रोफेसर, आज पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी स्पष्ट इंग्रजी बोलताय." आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. "तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"पहिल्यांदा वाचलं तेव्हाच. बसमध्ये."

"म्हणजे मला पत्र लिहिण्याच्या आधी."

"हो."

"आणि दर रविवारी तुम्ही मला वाचून दाखवत होता."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "माझी आई दारात उभी होती." मग काळजी घेणाऱ्या बाईने फोन घेतला आणि त्या दमल्या आहेत, एवढं सांगून ठेवला.

पुढच्या रविवारी फोन उचलला गेला नाही. त्याच्या पुढच्याही. मी कॉलेजात जात होतो, पेपर तपासत होतो. परवानगी गेली हे मी धरूनच चाललो होतो. त्याहून वाईट हे वाटे की मी त्यांच्याकडून एक गोष्ट काढून घेतली आणि ती कशासाठी, हे मला नीट सांगता येत नव्हतं. मित्राला म्हटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का? तो म्हणाला, "तुह्यासाठी बरं झालं असतं. तेच विचारून राह्यला ना?"

एका बुधवारी सकाळी त्यांचाच फोन आला. मी तासावर निघालो होतो. व्हरांड्यात उभा राहून बोललो. त्या खूप वेळ बोलल्या आणि जे बोलल्या त्यात मला उद्देशून फारसं काही नव्हतं.

त्या म्हणाल्या, मी लिहायला लागले तीच आईवर चिडून. इंग्लंडला आल्यावर आई दुसऱ्यांच्या टोप्या शिवायची, मी रात्री स्वयंपाकघरात बसून तिच्याविरुद्ध लिहायचे. इंग्रजी तिला नीट येत नव्हतं, म्हणून मुद्दाम इंग्रजीत. पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिने शब्दकोश घेऊन ते वाचलं. शेवटच्या पानापर्यंत. आणि मला विचारलं, जेवतेस का?

"आई पुस्तकाबद्दल काहीच बोलल्या नाहीत?" मी विचारलं.

"मी लहान होते तेव्हा तिला सांगवलं नसेल. त्या घरात मी आनंदात होते, तिला ते दिसत होतं. आणि मोठी झाल्यावर मी तिला विचारलंच नाही. लिहूनच टाकलं."

व्हरांड्यात मुलं येत-जात होती. एकाने मला नमस्कार केला, मी मान हलवली.

"पुस्तक तसंच छापा," त्या म्हणाल्या. "एक शब्द बदलायचा नाही. माझी चूक माझ्या अक्षरात राहू दे. पण खाली टीप द्या. शेवटी सगळ्या टिपा असतात तिथे नको, त्याच पानावर. वाचणाऱ्याला शोधत जावं लागू नये. मला ती वाचून दाखवा, मग सही करते."

मी टीप लिहिली. लिहायला अवघड गेली नाही, कारण दोन वर्षं मी ती मनात लिहीतच होतो. ते घर माझ्या आजोबांचं. त्या देवळीतले कप त्या काळच्या रीतीप्रमाणे ज्यांचा विटाळ मानला जाई त्यांच्यासाठी वेगळे ठेवलेले असत. याची खंत प्रस्तुत अनुवादक बाळगून आहे. मित्राला दाखवली. त्याने खिशातून पेन काढून 'त्या काळच्या रीतीप्रमाणे' खोडलं.

"काऊन?" मी विचारलं.

"त्या काळी म्हटलं की मेलेल्यायवर ढकलता येते. तूच सांगितलं ना मले, तूही चाय ओतला म्हणून? मंग तेवढं लिव."

तेवढं लिहिलं. टीप लांबली, पण मला ती आता प्रामाणिक वाटली. खरं सांगायचं तर बरी वाटली. एवढं उघडपणे घरातलं कुणी आजवर लिहिलं नव्हतं. थोरल्या भावाला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, "तुले बाकी कामं नाहीत का?" आणि पाऊसपाण्याचं विचारलं.

रविवारी मी लेखिकेला आधी ते प्रकरण वाचून दाखवलं. "ये वं माय, चाय पे" हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं नाही. मग टीप वाचली, मराठीत, आणि तिचं इंग्रजी सांगितलं. मी थांबलो. आता त्या काहीतरी चांगलं बोलतील अशी माझी अपेक्षा होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"यात तुमचं घर आहे, तुमचे आजोबा आहेत. तुम्ही तर दोनदा आहात. माझी आई कुठाय?"

मी कागद खालपर्यंत पुन्हा वाचला. ती नव्हती.

"ती टीप मी तिच्यासाठी मागितली होती, प्रोफेसर. तुमच्या खंतीचं काय करायचं ते तुम्ही तुमच्याकडे बघा. तिला दुसरं पान थोडंच मिळणार आहे."

मी त्यांना फोन चालू ठेवायला सांगितलं आणि टेबलाशी बसलो. खंत काढली. आजोबा राहू दिले, कारण घर कुणाचं हे लपवून चालणार नव्हतं, आणि मी ओतलेला चहा राहू दिला, कारण तो माझ्या मित्राने घालायला लावला होता. बाकी सगळं दोन ओळींत बसवलं. मग त्याखाली एक वाक्य लिहिलं. त्या वाक्यात मला कुठलंही विशेषण सुचलं नाही आणि मी शोधलंही नाही.

वाचून दाखवलं: "लेखिकेच्या आईने हे कप पाहिले, त्यांचा अर्थ ओळखला आणि मुलीला तिथून नेले."

"इंग्रजीत," त्या म्हणाल्या.

इंग्रजीत सांगितलं.

"परत मराठीत."

मी परत वाचलं. या वेळी सावकाश. त्यांनी मराठीतला 'आई' हा शब्द माझ्या मागोमाग म्हणून पाहिला. उच्चार बरोबर होता. लहानपणी आमच्या घरात तो त्यांनी रोज ऐकला असणार.

पलीकडे त्या बाईने काहीतरी विचारलं, त्यांनी नको म्हटल्यासारखं उत्तर दिलं. मग मला म्हणाल्या, अजून वेळ आहे, पुढचं प्रकरण वाचा. मी पानं उलटली. पुढच्या प्रकरणात वडील छावणीतून सुटून येतात आणि आई त्यांना आणायला स्टेशनवर जात नाही. मी वाचायला लागलो. पहिला परिच्छेद संपायच्या आत त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, ती का गेली नसेल, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, मलाही नाही. वाचा.